चमचा टिलवा

४ ऑक्टोबर

दादा,

मायना काय लिहावा यावर तीन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' वडिलांना लिहितात. 'प्रिय' लिहायला हात धजला नाही. नुसतं 'दादा' लिहिलं तर तू म्हणशील, चार वर्षांनी बरा आठवलो. शेवटी नुसतंच लिहिलं, कारण मी तुला हाक तशीच मारतो.

तुझा पत्ता आपल्या गल्लीतल्या वेल्डरने दिला. तो सुट्टीवर आला होता. तू त्याच्याच गोदीत आहेस, जहाजांचे तळ खरवडून रंगवतोस, अंगाने भरला आहेस आणि मिशी ठेवली आहेस, असं त्याने सांगितलं. मिशीचं मला खरं वाटेना. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मिशीचा दाखला आणून देऊ का सही-शिक्क्याचा?" तू आमच्याबद्दल काही विचारतोस का, हे मात्र मी त्याला एकदाही विचारलं नाही.

इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. डोळ्यांचं थोडं कमी-जास्त चालू असतं. उन्हाळ्यापासून आत्या आपल्याकडे राहायला आली आहे. तिचा स्वभाव तुला माहीतच आहे. मी अजून दाराची कडी दोनदा तपासतो, त्यावर ती म्हणते, "या घरात दोन पुरुष आणि एक कडी. त्यातली कडीच बिचारी जास्त राबते." मी काय करू? मिठागरात पाण्याची दारं उघडायचं आणि लावायचं काम आहे माझं. एक दार नीट लागलं नाही तर भरतीचं पाणी वाफ्यात शिरून आठवड्याचं मीठ विरघळतं. घरी आलो तरी हात तेच करतो.

लिहायचं कारण असं की पाखरं आली, आपले टिलवे. परवा ओहोटीला पश्चिमेच्या वाफ्यांत चारेकशे मोजली. पूर्वेकडे आता बघायचं काही राहिलं नाही. तिथं कंटेनरचं आवार आहे, रात्रंदिवस पिवळे दिवे असतात. पक्षीवाल्या मॅडमही पुन्हा आल्या आहेत. आता पश्चिमेचे वाफेही मातीने भरायचं घाटत आहे, म्हणून नव्याने गणती आहे. त्यांनी मलाच बोलावलं. "तुमच्याइतकी स्वच्छ वही मी कुठं पाहिली नाही," म्हणाल्या. मी दुर्बिणीची काच पुसत बसलो.

पण दादा, पूर्वी आपण दोघं होतो. तू बघायचास, मी लिहायचो. आता दोन्ही मलाच करावं लागतं आणि आता कळतं, मला बघता येत नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो.

या दिवसांत ती सगळी सारखीच दिसतात. उन्हाळ्यात दूर उत्तरेला त्यांच्या माना तांबूस होतात म्हणे. इथं पोचेपर्यंत सगळा रंग उतरलेला. पाठ राखाडी, पोट पांढरं, पाय काळे. मुठीत मावेल एवढा जीव. मॅडम म्हणतात, रंग म्हणजे कपडे, कपड्यांवरून ओळखायला जाल तर फसाल; डोकं केवढं, पाय केवढे, उभं कसं राहतं, खातं कसं, ते बघा. बाबा हेच दोन शब्दांत सांगायचे. चाल बघ.

उत्तर पाठव. पत्ता तोच आहे.

तुझा भाऊ


२३ ऑक्टोबर

दादा,

मागच्या पत्रात 'बाबा बरे आहेत' असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य मला टोचतंय, म्हणून दुरुस्त करतो.

बाबांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. तीस वर्षं उन्हात पांढऱ्या मिठावर दंताळं ओढलं, त्याचं हे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं सोडा, हृदय थकलंय, पायांवर सूज आहे. थंडीचे महिने काढतील असं मी लिहून देणार नाही. आत्या त्यांना म्हणाली, "लिहून मागितलंय कुणी? आमच्या घरात लिहिणारा एक आहे तेवढा पुरे." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

बाबा दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसतात. पावलांवरून माणूस ओळखतात. गल्लीच्या टोकापासून सांगतात, हा दूधवाला, ही शेजारीण, हिचा गुडघा आज जास्त दुखतोय. मला ते सगळ्यात लांबून ओळखतात. म्हणतात, "टिलवा आला." हे नाव तू ठेवलंस. भुरुभुरु चालतो, थांबतो, टोचतो, पुन्हा भुरुभुरु. आता अख्खी गल्ली तेच म्हणते.

तुझं नाव ते घेत नाहीत. तू जाताना जे बोललास त्यानंतर एकदाही घेतलेलं नाही. पण रोज चारच्या सुमाराला विचारतात, "चारची बोट आली?" मी किंवा आत्या सांगते, आली. मग ते गल्लीच्या टोकाकडे कान करून बसतात. धक्क्यापासून घरापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात, तू दमदार चालतोस म्हणून पंधरा. साडेचार झाले की ते खुर्ची आत घ्यायला सांगतात.

हे मी तुला घोर लावायला लिहीत नाही. नाही, त्यासाठीच लिहितो आहे. एकदा येऊन जा. राहू नकोस. माझ्याशी बोलू नकोस. त्यांच्यासमोरून एकदा नुसता चालत जा.

तुझा भाऊ


१४ नोव्हेंबर

दादा,

दोन पत्रांचं उत्तर नाही. वेल्डरने पत्ता चुकीचा दिला असेल का, म्हणून त्याच्या बायकोकडे जाऊन पुन्हा पडताळून पाहिला. बरोबर आहे. गोदीच्या नावातला 'दी' मी दीर्घच लिहिला होता.

थंडी सुरू झाली. बांधावर पहाटे वारा कापतो. माझा कोट उसवला म्हणून तुझा निळा कोट घालतो आहे, खुंटीवर राहिलेला. विचारायला तू नव्हतास. उजव्या कोपरावर आईने लावलेलं ठिगळ अजून धड आहे. पुढं बटण तुटलं होतं, ते लावून ठेवलं. परवा कोट घालून आत आलो तर आत्याच्या हातून भांडं पडलं. "मेल्या, काळजात धस्स झालं की माझ्या. सांगून तरी घालावा," म्हणाली. बाबा दाराशीच होते. ते शांतपणे म्हणाले, "टिलवाच आहे तो. कोट कुणाचा का असेना."

एवढंच. कागद उरला आहे, पण जे लिहायचं आहे ते आज लिहवत नाही.

तुझा भाऊ


२९ नोव्हेंबर

दादा,

आज ते पाखरू मी पाहिलं.

सकाळी सात-सव्वासातला, पश्चिमेच्या चौथ्या वाफ्यात, घोटाभर पाण्यात. सोबत तीसेक टिलवे होते. आधी मी ते टिलव्यांतच मोजलं. एकतिसावा, असं. मग काय झालं कुणास ठाऊक, मी दुर्बीण खाली घेतली आणि नुसतं बघत राहिलो, तू बघायचास तसा, मोजायचं सोडून. तीस पाखरं टोचत होती आणि एक टोचत नव्हतं. त्याने मान खाली घातली होती आणि चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत पुढं चाललं होतं, जमीन झाडल्यासारखं. डोकं बाकीच्यांपेक्षा मोठं, गोल. कपाळ जास्त पांढरं. बाजूने चोच सरळ दिसत होती, अगदी टिलव्यासारखी. मग ते माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. चोचीचं टोक चपटं, रुंद. चमचा.

मी पाण्यातच खाली बसलो. कोट भिजला, तुझा.

आता जे चार वर्षं लिहिलं नाही ते लिहितो. तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याजवळ आहे.

त्या वर्षी पूर्वेच्या वाफ्यांची गणती चालू होती. तू तिथं मीठ ओढायचास, मधल्या सुट्टीत पाखरं बघायचास आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मला द्यायचास. संध्याकाळी मी ते पक्क्या वहीत उतरवायचो. तुझ्या अक्षरावरून आपण किती हसायचो. तू स्वल्पविराम कधी दिलाच नाहीस. 'शेकाट्या चिखल्या तुतारी' अशी पाखरांची नावं एकापुढे एक लिहायचास आणि पुढं आकडे. म्हणायचास, "स्वल्पविराम तू टाक. तुझ्याकडे भरपूर आहेत." मी नववीत शाळा सोडली, पण मास्तरांनी जाताना मला शब्दकोश दिला होता. वही नीट ठेवणं ही एकच गोष्ट मला सगळ्यांपेक्षा चांगली येत होती.

त्या दिवशी तुझ्या चिटोऱ्यावर होतं: 'चमचा टिलवा १'.

चमचा म्हणजे मला माहीत असलेला पक्षी, गुडघ्याएवढा उंच, पांढराशुभ्र, चपट्या चोचीचा. तो तर रोज दिसतो. टिलवा म्हणजे टिलवा. मी दोन पक्षी समजलो. मध्ये स्वल्पविराम टाकला. वहीत उतरलं: 'चमचा १, टिलवा १'. मोठ्या पक्ष्यांच्या रकान्यात एक, छोट्यांच्या रकान्यात एक. बेरीजही जुळवली.

पंधरा दिवसांनी सभागृहात सुनावणी झाली. जगात थोडेच उरलेत असा पक्षी या वाफ्यात असेल तर वाफे भरता येणार नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी चित्र दाखवलं आणि तू उठून उभा राहिलास. "हा मी बघितला. टिलव्याएवढा, चमच्याच्या चोचीचा. मी लिहूनही दिलाय." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वही मागवली. वहीत तो नव्हता. मागं कुणीतरी म्हणालं, चित्र बघितल्यावर बरा दिसला. दुसरा म्हणाला, नोकरी चाललीय म्हटल्यावर माणसाला हत्तीसुद्धा दिसेल. लोक हसले. मग साहेबांनी मला उभं केलं आणि विचारलं, याने काय लिहून दिलं होतं?

मी काय म्हणालो ते तू ऐकलंस. "वहीत आहे तेच होतं, साहेब. कच्चा कागद टाकून दिला."

तू जे ऐकलं नाहीस ते असं. कच्चा कागद टाकलेला नव्हता. मी कधीच काही टाकत नाही. सुनावणीच्या दिवशी सकाळी मी तो काढून पाहिला होता. तुझ्या त्या दोन शब्दांवर शिरोरेषा एकच होती, सलग, न तोडता. बाकी सगळे शब्द तू सुटे लिहिले होतेस. आणि आकडाही एकच होता. दोन पक्षी असते तर तू दोन आकडे लिहिले असतेस. दुसरा १ मी माझ्या मनाने घातला होता, बेरीज नीट यावी म्हणून. मला सगळं कळलं. सभागृहात मी बोललो तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. हात खिशावर होता.

का केलं? रोज विचारतो. तुझं वाईट व्हावं म्हणून नाही, एवढं खरं. वही चुकली असं चार लोकांत म्हणायला तोंड उघडेना. तोवर मॅडमनी सगळ्यांसमोर वहीचं कौतुक केलं होतं. मला वाटलं, नंतर एकटं गाठून त्यांना सांगीन. मग मुदत संपली. मग मातीचे ट्रक आले.

घरी तू बाबांना विचारलंस, तुमचा कुणावर विश्वास आहे? बाबा म्हणाले, "वही खोटं कशाला बोलेल?" तू म्हणालास, "मग आजपासून वहीलाच मुलगा म्हणा." कोट खुंटीवर तसाच ठेवून तू चारच्या बोटीने गेलास.

तो कागद शब्दकोशात ठेवला होता. 'च'च्या पानांत. या पत्रासोबत पाठवतो आहे. आता तो माझ्याजवळ नाही. तुला हवं ते कर.

तुझा भाऊ


७ डिसेंबर

दादा,

मॅडमना सांगितलं. त्या तिठ्यावरच्या हॉटेलात चहा पीत होत्या. मी उभ्यानेच सगळं बोललो, आधी पाठ करून गेलो होतो. त्यांनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. म्हणाल्या, "मी दोन अहवालांत लिहिलंय, की तो माणूस चित्र बघून बोलला." मी म्हणालो, हो. "त्याला कळवलंत?" कळवलं आहे, म्हणालो. मग त्यांनी मला माझ्याच अक्षरात झाली ती चूक लिहून द्यायला सांगितली, खाली सही. दीड पान झालं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, यातसुद्धा एक चूक नाही. ते कौतुक नव्हतं.

पूर्वेचे वाफे परत येणार नाहीत. पश्चिमेचे कदाचित वाचतील. त्यांनी ते पाखरू स्वतः येऊन पाहिलं, फोटो काढले. अहवालात तुझं नाव जाणार आहे, आधी पाहणारा म्हणून. आडनाव बरोबर लिहिलंय का ते मी तपासलं.

बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. खुर्चीशेजारी जाऊन बसतो. ते म्हणतात, "बोल." मी म्हणतो, पाणी हवं का? आत्या आतून म्हणते, "एवढं पाणी पाजतोस, त्यांच्या पायांत उतरलंय ते काय कमी आहे?"

त्यांना आता दोन वाक्यांमध्ये दम लागतो. बोट अजून विचारतात.

दादा, मी सांगायच्या आत तू आलास तर बरं होईल. हेही मी माझ्याच सोयीचं लिहितो आहे, हे मला कळतं.

तुझा भाऊ


१९ डिसेंबर

दादा,

बाबा परवा सकाळी गेले. तार केली होती, मिळाली असेल. झोपेतच गेले. आत्या उठवायला गेली तेव्हा हात अजून गार झाला नव्हता. तू वेळेवर पोचू शकला नसतास, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस.

पण एक गोष्ट तुला कळलीच पाहिजे. कारण त्यात तू आहेस.

चौदा तारखेची गोष्ट. दुपारी बांध खचला म्हणून मी कमरेभर पाण्यात होतो. माझ्या बुटाचा तळ सुटला. पाण्याच्या दाराजवळच्या खोलीत तुझे जुने रबरी बूट पडले होते, ते घातले आणि घरी निघालो. अंगात तुझा कोट होताच. ते बूट मला दोन बोटं मोठे, त्यामुळे भुरुभुरु चालता येईना. पाय टाकावा लागत होता, जड, सावकाश. गल्लीत शिरलो तेव्हा नुकताच बोटीचा भोंगा वाजून गेला होता.

थंडी म्हणून बाबांना आत खाटेवर निजवलं होतं. आत्या औषध आणायला गेली होती. मी आत आलो, दार लावलं, कडी लावली. खाटेपाशी गेलो.

"आज लवकर आली बोट," बाबा म्हणाले.

मला वाटलं, ते नुसतं बोटीबद्दल बोलतात. मग त्यांनी हात पुढं केला. मी हात दिला, पण त्यांनी हात धरला नाही, बाही धरली. बाहीवरून चाचपत कोपरापर्यंत गेले आणि ठिगळावर थांबले. अंगठ्याने टाके मोजल्यासारखं केलं.

"बस," म्हणाले. "जेवलास का काही बोटीवर?"

दादा, त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं: बाबा, मी आहे. तीन शब्द आणि एक स्वल्पविराम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मी जागच्या जागी दुरुस्त केल्या. वेल्डरने 'विशीष्ट' लिहिलं तर मला जेवण जात नाही. आणि मी खाटेच्या कडेला बसलो आणि गप्प राहिलो.

पुढं ते बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो. मध्ये मध्ये दम लागत होता, तेवढा सोडून देतो.

"तुझं खरं होतं," ते म्हणाले. "ते पाखरू मीपण बघितलं होतं. तुझ्या आधी दोन दिवस. तेव्हा थोडं दिसायचं मला. टिलवा टोचतो. ते झाडत होतं. मला नाव माहीत नव्हतं, पण टिलवा नव्हता तो."

मी पांघरूण त्यांच्या पायांवर ओढलं.

"तू विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. सभागृहात धाकटा खिशावर हात ठेवून उभा होता. आपल्या पोराचा हात कळतो. पण तुझं कसं आहे, तू कुठंही गेलास तरी उभा राहशील. त्याच्याकडे त्या वहीशिवाय दुसरं काही नाही. ती त्या दिवशी खोटी ठरली असती तर तो उठला नसता पुन्हा. म्हणून तुला जाऊ दिलं." मग बराच वेळ ते नुसते श्वास घेत होते. "चुकलं असेल माझं. तुला एवढ्या लांब पाठवायचं नव्हतं. वाटलं होतं, महिन्याभरात येशील शिव्या देत."

बाही त्यांनी सोडली नव्हती.

"अजून राग आहे का माझ्यावर?"

मी म्हणालो, "नाही."

आवाज बदलला नाही मी. तुझ्यासारखा काढता आला असता असंही नाही. एक शब्द होता, तो म्हणालो.

"मग बरं," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मी बाही हळूच सोडवून घ्यायला लागलो तेव्हा तसेच डोळे मिटून म्हणाले, "आणि धाकट्याला म्हणावं, कडी एकदाच लाव. तेवढ्यात लागते."

दादा, मी आत आलो तेव्हा कडी दोनदा तपासली होती. नेहमीसारखी. खट्, आणि पुन्हा खट्. कोट तुझा होता, बूट तुझे होते, चालही तुझ्या बुटांची होती. कडी माझी होती. ते ऐकू न येण्याइतके बाबा बहिरे नव्हते.

पण ठिगळ चाचपून ते 'बस' म्हणाले, तो आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. तो माझ्यासाठीचा आवाज नव्हता. कुठली खूण खरी धरायची? मी दोन्ही लिहून ठेवल्या आहेत. निकाल लावत नाही.

त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी बोट विचारली नाही. आत्याच्या ते लक्षात आलं. पहिल्या दिवशी चार वाजले तेव्हा तीच अस्वस्थ होऊन म्हणाली, "बोट आली हो." ते म्हणाले, "येऊ दे." काल ती ओट्याशी उभी राहून मला विचारत होती, काय रे, त्या दिवशी मी औषधाला गेले तेव्हा कुणी आलं होतं का? मी हो म्हणालो. कोण ते तिने विचारलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चहा तरी द्यायचास."

पश्चिमेचा चौथा वाफा आज सकाळी रिकामा होता. टिलवे होते, चाळीसेक. ते एक नव्हतं. वाऱ्याबरोबर पुढं गेलं असेल. वहीत ज्या दिवशी दिसलं त्या दिवशीची नोंद आहे, 'चमचा टिलवा १', एका शिरोरेषेखाली, तू लिहिली होतीस तशी.

आता माझं मागणं. मी तुझ्या वतीने 'नाही' म्हणालो. तुला न विचारता. हे दुसऱ्यांदा झालं, की तू न लिहिलेलं काही मी तुझ्या नावावर घातलं. ते बरोबर होतं की चूक, ते फक्त तू सांगू शकतोस. बाबांना आता कळवता येणार नाही, पण मला कळव. चिटोऱ्यावर लिहिलंस तरी चालेल. 'बरोबर' लिही नाहीतर 'चूक' लिही, ऱ्हस्व लिही, दीर्घ लिही, शिव्या लिही. जसं येईल तसं ठेवीन.

मी त्यात एक स्वल्पविरामसुद्धा घालणार नाही.

टिलवा